तात्यांची जीप आणि शकुबाईंचा गळा

बाईच्या शरीराबद्दल पुरुषाला जे जे कळणं शक्य आहे, ते सगळं जोतीराम तात्यांना कळलेलं होतं. हे मत सणसर आणि आसपासच्या वस्त्यांवर सर्वमान्य होतं. म्हणजे ते तात्यांना मान्य होतं आणि बाकीच्यांना कोणी विचारलेलं नव्हतं.

या विद्वत्तेचा उगम जीपमध्ये होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी वस्तीवर चारचाकी अशी एकट्या तात्यांकडे होती. अडलेली बाळंतीण न्यायची असो की अंगावरून फार जाणारी बाई, तात्यांनी कधी नाही म्हटलं नाही. रात्री-अपरात्री किल्ली फिरवायचे. दवाखान्याच्या दारात ताटकळत, कंपाउंडरशी तंबाखू वाटून घेत आणि भिंतीवरची चित्रं न्याहाळत त्यांना हळूहळू सगळं शास्त्र अवगत झालं. शास्त्राचा सारांश असा, की दोन लेकरं झाली की बाईच्या गर्भाच्या पिशवीचं काम संपतं आणि पुढं ती नुसता त्रास देते. तेव्हा ती काढून टाकावी. "कटकट मिटते," असं तात्या म्हणायचे. कोणाची मिटते ते सांगायचे नाहीत, आणि विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती, कारण परत यायचं ते त्यांच्याच जीपमधून.

हळूहळू नवरे डॉक्टरच्या आधी तात्यांकडे येऊ लागले. "तात्या, काढू का?" तात्या पेशंटकडे न बघता म्हणायचे, "काढ." दर आठ मार्चला दूध संस्थेच्या आवारात महिला दिन होई. त्याचे कायमचे प्रमुख वक्ते तात्याच. फेटा बांधून ते 'स्त्री ही शक्ती' या विषयावर पाऊण तास बोलत आणि तेवढा वेळ त्या शक्तीला उन्हात बसवून ठेवत.

अशा तज्ज्ञ माणसाच्या घरात, दिवाळीच्या सुमारास, शकुबाईंच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ दिसू लागली.

शकुबाई म्हणजे तात्यांची बायको. गाठ तात्यांनी लांबूनच पाहिली आणि थंड पाण्याची आहे असं निदान केलं. मिठाच्या गुळण्या सांगितल्या. शकुबाईंनी पौष संपेपर्यंत गुळण्या केल्या. गाठीला त्या मानवल्या असाव्यात, कारण ती वाढली. मग सुप्याला दिलेली मुलगी राजेश्वरी माहेरी आली. तिनं आईच्या गळ्याला हात लावून पाहिला, बापाकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी आईला गाडीत घालून बारामतीला नेलं. सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून तपासणी झाली. आज रिपोर्ट मिळायचा होता आणि पुढं काय करायचं ते ठरायचं होतं. तात्या बरोबर निघाले, कारण ठरवायचं काही असलं की तात्यांशिवाय ते कसं ठरणार.

खोलीत दोघांनाच सोडत होते. राजेश्वरी बाहेर बाकावर बसली.

आत डॉक्टर मेघना होत्या, तिशीच्या. तात्यांनी खुर्चीत बसण्याआधीच चौकशी सुरू केली.

"तुमी मूळच्या कुठल्या?"

"इंदापूर."

"कुणाच्या?"

"गंगाराम गुरुजींची नात."

"मग आपल्याच की," तात्या म्हणाले आणि पाय लांब करून बसले. गुरुजींनी त्यांना सातवीत दोनदा ठेवलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि खुर्ची शकुबाईंकडे वळवली. "मावशी, गाठ थायरॉईडची आहे. कॅन्सरची आहे. पण हा सावकाश वाढणारा प्रकार आहे. ऑपरेशन करून ग्रंथी काढली, पुढं गोळ्या नीट घेतल्या, तर बहुतेक बायका चांगल्या राहतात. घाबरू नका, पण अंगावरही काढू नका."

शकुबाईंनी मान हलवली. तात्यांनी घसा खाकरला. ज्यांनी त्यांची भाषणं ऐकली आहेत त्यांना या खाकरण्याचा अर्थ माहीत आहे.

"करून टाका ऑपरेशन," ते म्हणाले. "आपली काय हरकत न्हाय."

"थांबा काका, आधी मावशींची माहिती घेते. पाळी कितव्या वर्षी सुरू झाली?"

"वेळेवर," तात्या म्हणाले.

"म्हणजे कितव्या वर्षी?"

"योग्य वेळेवर."

"चौदावं लागलं व्हतं," शकुबाई म्हणाल्या.

"बाळंतपणं किती?"

"दोन." इथं तात्या पक्क्या जमिनीवर होते. "यशराज पुण्यात कंपनीत हाय. राजेश्वरी ही काय भाईर बसलीय."

"मूल कधी वाया गेलं?"

"एकबी न्हाय."

"दोनदा," शकुबाई म्हणाल्या.

तात्यांनी मान वळवली. इतक्या वर्षांत बायकोकडे असं वळून बघायचं त्यांना फारसं कारण पडलं नव्हतं. "कधी?"

"एक यशराजच्या पाठीवर. एक राजेश्वरीच्या. तुमी कारखान्याच्या इलेक्शनच्या प्रचारात व्हता."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं की. दोन्ही येळंला तुमी 'बरं' म्हनला."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता डोळे वर केले नाहीत. त्याचं तात्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच जरा लाज वाटली. ही लाज नवखी होती. तिला अजून बसायला जागा सापडलेली नव्हती. विषय आपल्या हातात परत घ्यावा म्हणून ते पुढं सरकले.

"पिशवी काढलीय हिची," त्यांनी आपणहून माहिती दिली. "मीच पुढाकार घेऊन काढली."

"कितव्या वर्षी?"

"एकोनतिसाव्या," शकुबाई म्हणाल्या.

"एवढ्या लवकर? कशासाठी?"

"कॅन्सर होऊ नये म्हनून," तात्या म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यात कितीतरी ओट्यांवर, पारांवर आणि जीपच्या बॉनेटला टेकून उच्चारलं होतं. त्याला नेहमी माना डोलत. आज ते तोंडातून निघालं आणि टेबलावरच्या रिपोर्टपाशी जाऊन थांबलं. कोणी हसलं असतं तर तात्यांना रागावता आलं असतं. कोणी हसलं नाही.

"अंडाशयंही काढली का त्या वेळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळंच काढलं. अर्धवट काम मला आवडत न्हाय." हेही सवयीनं निघून गेलं.

"विचारते अशासाठी, की ती लवकर काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. गळ्याच्या ऑपरेशननंतर काहींचं कॅल्शियम कमी होतं. आम्हाला आधी माहीत हवं. हाडांची तपासणी करून घेऊ." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा त्रास काय होता? कुठली तपासणी केली होती?"

"त्रास म्हंजी," तात्या म्हणाले, "बायकांचा असतो तोच."

"अभिषेक व्हता," शकुबाई म्हणाल्या.

"काय होता?"

"देवाचा अभिषेक. चैत्रातल्या जत्रंचा."

तात्यांनी टेबलाखाली पाय आखडून घेतले. त्यांना पुढचं सगळं पाठ होतं. फक्त ते कधी कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

शकुबाईंनी बाजारहाट सांगावा तसं सांगितलं. भावकीच्या देवाची जत्रा. मानाचा अभिषेक जोडप्यानं करायचा आणि मान थोरल्या घराचा, म्हणजे यांचा. एका वर्षी जत्रेच्या ऐन सकाळी शकुबाईंची पाळी आली, त्या बाजूला बसल्या. जोडप्यातलं एक माणूस कमी पडलं. मान चुलतभाऊ सर्जेरावांकडे गेला. सर्जेराव बायकोसह पाटावर बसले, वाजंत्री लागली, फोटो निघाला. तो फोटो अजून देवळात आहे.

"ह्यांनी सर्जेरावांशी बोलनं टाकलं," शकुबाई म्हणाल्या. "आन पुढच्या जत्रंच्या आधी मला जीपमधी बसवलं. अंगावरून जात व्हतं माझ्या, न्हाय म्हनत न्हाय. पन गोळ्यांनी कमी आलं व्हतं. तितल्या डॉक्टरांनी मला काय इचारलं न्हाय. ह्यांनाच म्हनले, ठिवली तर कॅन्सर व्हईल. हे म्हनले, काढा. मला आणखी एक लेकरू हवं व्हतं. ते कुनी इचारलंच न्हाय, मग मीबी सांगितलं न्हाय."

तात्यांना त्या वर्षीचं कॅलेंडर आठवलं. गणपतीच्या चित्राचं होतं. पुढची जत्रा आणि बायकोची तारीख यांचा मेळ बसतो का, ते त्यांनी बोटानं मोजून पाहिलं होतं. बसत नव्हता, तारीख पुन्हा जत्रेवरच येत होती. बाकी सगळं, म्हणजे शास्त्र आणि डॉक्टरचं भाकीत, त्या मोजणीच्या नंतर आलं होतं. आजवर त्यांच्या डोक्यात याचा क्रम उलटा लागलेला होता आणि तो लावून घ्यायला त्यांना काही वर्षं मेहनत पडली होती. जत्रेला शकुबाईंचे टाके नीट भरलेही नव्हते. त्या पाटावर ताठ बसल्या, कारण वाकता येत नव्हतं. लोक म्हणाले, काय बाणेदार बसलीय तात्यांची मंडळी. मान दोन वर्षं मिळाला. तिसऱ्या वर्षी भावकीनं ठरवलं की यापुढं चिठ्ठ्या टाकायच्या, आणि चिठ्ठी पुन्हा सर्जेरावांचीच निघाली.

"म्हंजी," तात्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणि आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही, "पिशवी काढल्यामुळं झालं का हे?"

"तसं मी म्हणू शकत नाही, काका. थायरॉईडचा कॅन्सर बायकांना पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट होतो. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पाळी कधी आली, मुलं किती, गर्भ किती वाया गेले, पिशवी काढली का, या सगळ्याशी त्याचा संबंध लावून बघतात. काही अभ्यासांत पिशवी काढलेल्या बायकांत तो थोडा जास्त सापडला, काहींत इतर गोष्टींचा संबंध लागला आणि काहींत लागलाच नाही. आणि ज्यांच्या तपासण्या जास्त होतात त्यांच्यात तो सापडतोही जास्त. एका बाईकडे बोट दाखवून, हिला याच्यामुळंच झाला, असं सांगता येत नाही."

"मग माझ्यामुळं न्हाय?"

"तसंही सांगता येत नाही."

तात्यांनी आयुष्यभर कोर्टकचेऱ्या पाहिल्या होत्या. माणूस सुटतो तरी किंवा आत जातो तरी. त्यांच्या वाट्याला नुसती तारीख आली होती.

"तर ऑपरेशन..." त्यांनी सुरुवात केली, कारण गप्प बसायचं कसं असतं ते त्यांना शिकवलेलं नव्हतं.

"अहो," शकुबाई म्हणाल्या. "तुमी जरा भाईर बसा."

"आं?"

"भाईर बसा. राजेश्वरीला आत धाडा. डॉक्टरीनबाई, गळ्यातलं काढायचं तर काढा, पन मला आधी समदं सांगून काढा. काय काढनार, काय ठिवनार, आन काढलं न्हाय तर काय. मग मी सांगते, व्हय का न्हाय."

डॉक्टर मेघनांनी तात्यांकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सोसला असता. दार कुठल्या बाजूला उघडतं, एवढंच त्या नजरेत होतं.

बाहेर येऊन तात्या बाकावर बसले. राजेश्वरी आत गेली. जाताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे दाराला फट होती आणि तिनं आतलं ऐकलं होतं. समोर भिंतीवर गळ्याचं मोठं चित्र होतं. घशाखाली, फुलपाखरू बसावं तशी एक ग्रंथी. तात्यांनी ती नीट पाहिली. या अवयवावर त्यांचं अजून एकही भाषण झालेलं नव्हतं. दवाखान्यातली चित्रं बघून आपण शहाणे झालो, हे आठवून त्यांनी तोंड फिरवलं, तर शेजारी जयवंता बसलेली.

जयवंता पलीकडच्या वस्तीवरची. वय पंचेचाळीस असेल, पण बाकावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवायची. डॉक्टरनं हाडं झिजल्याचं सांगितलं होतं.

"तात्या, तुमी हितं? कुनाला आनलंय?"

"घरचीला."

"देवमानूस हाय बगा तुमी. अजून लोकांना दवाखान्यात आनता." तिनं शेजारच्या अनोळखी बाईला सांगायला घेतलं. "ह्यांच्याच जीपनं गेलते मी पिशवी काढायला. भर पावसात नेलं. ह्यांनीच माझ्या मालकाला समजावलं, आता तिचं काय काम न्हाय म्हनून."

अनोळखी बाईनं तात्यांकडे आदरानं पाहिलं. तात्यांनी स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. जयवंता शिव्या देती तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

"तुला किती वर्षं झाली गं?" त्यांनी विचारलं.

"तिशीत व्हते की. तवाधरनं कंबर गेली, पन म्हनलं वयच झालं."

तिशीत वय झालेली बाई हसली. मग जवळ सरकून तिनं आवाज उतरवला. "बरं झालं घावला. सुनंला लई त्रास हाय. दोन पोरं झालीत. म्हनलं काढूनच टाकावी एकदाची. तुमी म्हनाल तसं. तुमचं काय मत?"

तात्यांकडे मत नाही असा प्रसंग कोणाच्याच आठवणीत नव्हता. उसाच्या लागणीपासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत मत तयार असायचं आणि मागितलं नाही तरी मिळायचं. त्यांनी तोंड उघडलं. 'काढ' हा शब्द जिभेवर येऊन बसला, इतक्या वर्षांची वहिवाट होती त्याची. त्यांनी तो आवंढ्याबरोबर गिळला. त्याला वेळ लागला.

"मला त्यातलं काय कळत न्हाय," तात्या म्हणाले.

"आं?"

"काय कळत न्हाय मला. कदीच कळत नव्हतं. सुनंलाच घिऊन ये हितं. तिला काय व्हतंय ते तिच्याच तोंडून डॉक्टरीनबाईंना सांगू दे. आन तिला काय पायजे ते इच्चार आधी."

जयवंताचा चेहरा उतरला. ती परत आपल्या जागी सरकली आणि अनोळखी बाईला, तात्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "मोठी मानसं झाली बाई आता. गरिबाला साधा सल्ला द्यायचा म्हनलं तरी जड जातं."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलल्याबद्दल तात्यांना गर्विष्ठ ठरवण्यात आलं. त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं. आजच्या हिशेबात ते स्वस्तच पडलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आतून आधी हसण्याचा आवाज आला, मग शकुबाई. त्या तिथं कशाला हसल्या असतील हे तात्यांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

"ठरलं?" त्यांनी विचारलं.

"ठरलं," शकुबाई म्हणाल्या. "करायचंय. पुढल्या आठवड्यात. आवाजाच्या नसा गाठीच्या मागनंच जात्यात, ते सांगितलं त्यांनी चित्र काढून. थोडे दिवस आवाज बसंल. गोळी रोज सकाळी, जन्मभर. मी म्हनलं, चालंल."

"बरं," तात्या म्हणाले, आणि तो शब्द उच्चारल्याबरोबर त्यांचे कान तापले.

गाडीपाशी आल्यावर आणखी एक घोटाळा झाला. तात्या नेहमी पुढं बसत, ड्रायव्हरला रस्ता सांगायला. आज राजेश्वरी स्टिअरिंगवर बसली आणि तात्या मागचं दार उघडून शकुबाईंच्या शेजारी शिरले. राजेश्वरीनं आरशातून बघितलं.

बारामती मागं पडली. दोन्ही बाजूंना ऊस लागला. पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, राजेश्वरी हॉर्न न वाजवता त्यांच्या मागून चालली होती. तात्यांनी मनात जुळवाजुळव सुरू केली. पाऊणपाऊण तास बोलणारा माणूस. एवढं जमायलाच हवं होतं. सुरुवात कुठून करावी? कॅलेंडरपासून? की त्या दोन वेळा म्हटलेल्या 'बरं' पासून? की न झालेल्या तिसऱ्या लेकरापासून? प्रत्येक सुरुवातीला त्यांचं नाव आधी येत होतं, आणि त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपल्या नावानं वाक्य सुरू करणं बरं दिसत नाही. शिवाय ऐकणारीचा गळा असा. उत्तर द्यायला तिला पुढच्या आठवड्यापर्यंतच नीट आवाज होता. तेवढ्यात माफी मागायला हवी होती, ती देईल की नाही ते वेगळं.

त्यांनी घसा खाकरला. शकुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मान वळवली.

"शकू," तात्या म्हणाले. या नावानं त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर हाक मारलेली नव्हती. राजेश्वरीनं गाडी आणखी हळू केली. तात्यांचे डोळे भरून आले, तरी ते ताठ बसले. "शकू, माझं ऐक. आज मला तुला एक सांगायचंय. जलमभर मी..."

"सांगा की," शकुबाई म्हणाल्या. "पन आधी जरा तिकडं सरका. मघाधरनं माझ्या पदरावर बसलाय."